जुन्या कॅसेटबद्दल विचारता म्हणून

‘आमच्या बाबांचं ते रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेल ना हो?’ तलावपाळीवर फिरताना, राम मारुती रोडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा प्रश्न येतो. ठाण्यातल्या नौपाड्यात एका केबलवाल्याच्या लोकल चॅनेलवर मी १९९५ ते २०१३ कॅमेरा आणि एडिटिंग केलं. मंडळाचा सत्कार, शाळेचं स्नेहसंमेलन, गडकरी रंगायतनमधला कार्यक्रम, यांत कुठेतरी तुमचं माणूस दिसलं होतं, म्हणून तुम्ही विचारता. मला बहुतेक वेळा नाही म्हणावं लागतं. ते का, हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगता येत नाही.

लोक आमच्या चॅनेलला टीव्ही स्टेशन म्हणायचे, पण आमच्याकडे टॉवर नव्हता. खासगी माणसाला हवेतून टीव्हीचं चित्र पाठवायची परवानगी आपल्या देशात कधी मिळालीच नाही. कमी शक्तीची केंद्रं होती ती दूरदर्शनची. १०० वॅटची, १९८४ मध्ये दिवसाला एक अशा झपाट्याने बसवलेली. पण त्यांवरून दिसायची दिल्लीच. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातलं पीज मात्र वेगळं. तिथे १९७५ पासून १ किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर आसपासच्या गावांतल्या माणसांना घेऊन त्यांच्याच प्रश्नांवरचे कार्यक्रम व्हायचे. ते १९८५ मध्ये बंद झालं. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आम्ही तारेवरचे. १९९१ च्या आखाती युद्धात परदेशी बातम्या बघायला डिश आल्या, पुढच्या वर्षी झी सुरू झालं आणि गच्चीवरून गच्चीवर काळी वायर जाऊ लागली. कंट्रोल रूममध्ये एक व्हीसीआर, त्याला मॉड्युलेटर, म्हणजे चित्र केबलच्या चॅनेलवर चढवणारा डबा, आणि एक रिकामा चॅनेल नंबर. एवढ्यावर आमच्या बातम्या घराघरांत जायच्या. खर्च निघायचा खालच्या पट्टीतून: वाढदिवस, जागा भाड्याने देणे, शुक्रवारी पाणी नाही. ज्या इमारतीत अॅम्प्लिफायर, तिथली वीज गेली की पुढच्या सगळ्या घरांत मुंग्या. आणि वायर संपली की आमचं गावही संपायचं. रुळांपलीकडे कोपरीला दुसऱ्याची लाइन होती. तिथे दिलेली एक मुलगी भावाचा सत्कार बघायला मुद्दाम माहेरी आली होती, पोरांना घेऊन, आठच्या बातम्यांच्या आधी अर्धा तास.

तो सत्कार आज नाही. व्हीएचएसच्या एका कॅसेटवर तीन तास मावायचे आणि आमच्याकडे कॅसेट मोजक्याच. रविवारचं शूटिंग मंगळवारी दाखवायचं आणि शनिवारी त्याच कॅसेटवर नवं घ्यायचं. ‘दाखवून झालं ना?’ मालक विचारायचे. झालेलं असायचं. रेकॉर्डचं बटण मीच दाबत होतो, आणि तेव्हा हात जराही थांबला नाही. उद्याचा कार्यक्रम कशावर घ्यायचा, एवढीच काळजी असायची.

केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. ऑपरेटरने पोस्टात नोंदणी करायची आणि काय दाखवलं त्याची वही ठेवायची, प्रक्षेपणानंतर एक वर्ष. ही सक्ती वहीची होती, चित्रणाची नव्हती. वही माझ्याकडे आली. तारीख, कार्यक्रम, मिनिटं. वर्ष सरलं की ती रद्दीत जायची. मी काही वह्या घरी नेल्या, अक्षर माझं होतं म्हणून.

मग सेट टॉप बॉक्स आले. ठाण्यासाठी मुदत होती ३१ मार्च २०१३. सिग्नल मोठ्या कंपन्यांकडून बांधून येऊ लागला, आमच्या मॉड्युलेटरला काम उरलं नाही. खोली रिकामी केली त्या दिवशी मी गावाला होतो. परत आलो तेव्हा उरल्यासुरल्या कॅसेट पोत्यांतून भंगारात गेल्या होत्या.

गेल्या वर्षी एक बाई आल्या. वडील ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात कविता वाचायचे. आम्ही दोघांनी वह्या काढल्या. दुसऱ्या वहीत सापडलं: ‘काव्यवाचन, ७ मि.’ नाव नव्हतं, पण तारीख त्यांना पाठ होती. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तेव्हा माझ्याकडे नाही, पण तुमच्याकडे असू शकेल. पुष्कळ घरांनी आपला कार्यक्रम लागला की स्वतःच्या व्हीसीआरवर टेप करून ठेवला होता. माळ्यावर बघा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कृपा करून ती मशीनमध्ये घालू नका. हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. कोरड्या जागी उभी ठेवा आणि मला कळवा. तारीख आठवत नसली तरी चालेल, वह्यांत शोधू.