काळ्यांच्या वस्तीला कर्ज नाही

आमच्या साताऱ्याची बरीच पोरं आता अमेरिकेत असतात. सुट्टीला आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, तिथले काळे लोक कष्टच करत नाहीत ओ, म्हणून मागं राहिले. ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करतो, एका घरकर्जावर आख्खं घराणं कसं वर येतं हे रोज बघतोय, म्हणून तेवढ्याच बाजूनं सांगतो.

गुलामगिरी 1865 ला कायद्यानं गेली, पण 1896 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानंच गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं ठेवायला मान्यता दिली, ती शाळांपुरती मोडायला 1954 उजाडलं. हे बहुतेकांना माहीत असतं. घरांचं मात्र कोणी बोलत नाही.

1933 ला मंदीत लोकांची घरं वाचवायला सरकारनं एक संस्था काढली आणि तिनं दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे धोका. काळ्यांची वस्ती जवळपास सगळीकडं लालच. पुढच्याच वर्षी घरकर्जाला सरकारी हमी देणारं खातं आलं, तेही मिश्र वस्तीला धोकाच समजायचं. आमच्याकडं फाईल आली की पगार बघतो, उतारा बघतो, व्हॅल्युएशन, जामीनदार बघतो, तिथं माणसाची फाईल उघडायच्या आधीच निकाल लागलेला असायचा!

डेट्रॉइटमध्ये तर 1941 ला एका बिल्डरनं काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं काढली, सरकारी हमी मिळेना, तर त्यानं मधे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली आणि मग हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे.

महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना 1944 च्या कायद्यानं स्वस्त कर्जं मिळणार होती. आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी असतो, त्यामुळं हे वाचताना जास्तच लागतं. मिसिसिपीतल्या काही शहरांच्या 1947 च्या पाहणीत अशी 3,229 कर्जं निघाली आणि त्यातली काळ्या सैनिकांना किती, तर फक्त 2.

घर नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे धंद्याला, पोरांच्या कॉलेजला पैसा नाही, आणि तिथं शाळांचा बराच खर्च घरपट्टीतून चालतो, म्हणजे वस्ती गरीब तर शाळापण गरीब. घर देताना भेदभाव नको हा कायदा 1968 ला आला, तोपर्यंत एक पिढी गेली होती. 2022 च्या सरकारी आकड्यांत मधल्या, म्हणजे निम्मी वर आणि निम्मी खाली अशा, गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता 2 लाख 85 हजार डॉलर, काळ्या कुटुंबाची 45 हजारसुद्धा भरत नाही. यात आळस कुठं आला सांगा.

आपल्या कटगुणचं मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना, आणि त्याच जिल्ह्यातनं गेलेल्या पोरांनी असं बोलावं याचा खरंच त्रास होतो. अरे, 1923 ला भगतसिंग थिंड, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेला माणूस, त्यालापण सुप्रीम कोर्टानं तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व नाकारलं. 1946 ला अमेरिकेत जाऊन राहायचं दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते नीट उघडलं 1965 च्या कायद्यानं, आणि तो कायदा होण्यामागं याच काळ्या लोकांनी लाठ्या खाऊन चालवलेल्या चळवळीचा रेटा होता.