बीटा-ग्लुकन निगेटिव्ह, तरी म्युकर?

2021 च्या मे-जूनमध्ये आमच्या लॅबच्या फोनवर एकच प्रश्न सारखा यायचा. "मॅडम, बीटा-डी-ग्लुकन निगेटिव्ह आलंय, मग म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, नाही ना?" आणि आम्ही सारखं तेच सांगायचो, की सर त्या टेस्टवर जाऊ नका, नाकातला टिश्यू पाठवा, केओएच (टिश्यू विरघळवून बुरशी दाखवणारं द्रावण) लावून बघतो. आणि कितीदा तरी थोड्या वेळात स्लाइडवर त्या हायफी, म्हणजे बुरशीचे धागे, दिसायच्याच, रुंद, चपट्या, वळ्या पडलेल्या, मधे पडदे जवळजवळ नाहीतच, फाटे फुटलेत ते काटकोनात. टेस्टचा काही दोष नाही हो, ती रक्तात शोधते ते बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतली एक साखरेची साखळी, आणि ते म्युकरच्या भिंतीत असतंच जेमतेम. म्युकरच्या भिंतीत कायटिन आणि कायटोसान हे दुसरे घटक भरपूर, ग्लुकन नावापुरतं.

त्या वर्षी देशात 50 हजारांच्या वर म्युकरच्या केसेस नोंदल्या गेल्या, महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात वर, त्यामुळे इथल्या प्रत्येकाला ही बुरशी नावाने माहीत झाली, पण बुरशीची भिंत आणि आपली इम्युनिटी यांचं नेमकं काय चालतं ते फारसं कुणी सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय.

तर, आपल्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ आवरण. बुरशीला असते. आणि बाकी बाबतीत बुरशी बॅक्टेरियापेक्षा आपल्याच जास्त जवळची, म्हणूनच तर अँटिफंगल औषधं इतकी मोजकी आहेत, बुरशीला मारायला गेलं की आपल्यालाही लागतं. त्यामुळे 'हे आपलं नाही' असं ओळखायला आपल्या पांढऱ्या पेशींना सगळ्यात सोयीची जागा म्हणजे ही भिंत.

कॅन्डिडा या बुरशीचं उदाहरण घ्या. त्याच्या भिंतीत सगळ्यात आत कायटिन, त्यावर बीटा-ग्लुकन, आणि बाहेरून प्रोटीनला चिकटलेल्या मॅनान नावाच्या साखरेचा दाट थर. आपल्या मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-1 म्हणून एक रिसेप्टर (ओळखणारं प्रोटीन) असतो, तो बीटा-ग्लुकन पकडतो (ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी 2001 मध्ये दाखवलं). पकडलं की आत सिग्नल सुटतो, कार्ड-9 नावाच्या प्रोटीनमार्फत पुढे जातो, सायटोकाइन (पेशींचे निरोप पोचवणारी प्रोटीन) बाहेर पडतात, अजून न्यूट्रोफिल येतात. आता गंमत बघा, जे पकडायचं ते मधल्या थरात आणि वरून मॅनान. मॅनान ओळखणारे रिसेप्टरही आपल्याकडे आहेत, डेक्टिन-2 वगैरे, म्हणजे कॅन्डिडा अगदीच अदृश्य होतो असं नाही, पण सगळ्यात जोरात अलार्म वाजवणारी गोष्ट झाकलेली राहते.

मग ग्लुकन दिसतं कुठे? हे मला स्वतःला फार आवडतं. कॅन्डिडाच्या यीस्टवर, म्हणजे कळ्या सोडणाऱ्या गोल पेशींवर, कॅल्कोफ्लोअर व्हाइट या रंगाचा थेंब टाकून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघा, पेशीची कड निळी चमकते आणि त्यावर कुठे कुठे छोट्या, जास्त उजळ चकत्या दिसतात, एखाद्या म्हाताऱ्या पेशीवर तर ओळीने पाच-सहा. आईपासून कळी सुटून वेगळी झाली त्याचे ते व्रण. रंग चिकटतो तो कायटिनला, पण त्याच व्रणांपाशी वरचा थर फाटल्यामुळे बीटा-ग्लुकनही उघडं पडतं आणि डेक्टिन-1 ला तिथे धरायला जागा मिळते. कॅन्डिडा जेव्हा कळ्या सोडून लांब हायफा काढायला लागतो तेव्हा तसं काही तुटून वेगळं होतच नाही, म्हणजे व्रण नाहीत, म्हणजे डेक्टिन-1 चा हात पोचत नाही, आणि टिश्यूत घुसतो तो नेमका हाच हायफा.

कॅस्पोफंगिन हे औषध बीटा-ग्लुकन तयार करणारं एन्झाइमच बंद पाडतं. 2006 मध्ये असं दिसलं की अगदी कमी डोसमध्येही, कॅन्डिडा मरत नाही तेव्हासुद्धा, भिंत विस्कटून उरलेलं ग्लुकन उघडं पडतं आणि मॅक्रोफेज जास्त चवताळतात. म्युकरवर मात्र हे औषध जवळपास निकामी, कारण वर सांगितलंच. म्हणून तेव्हा नातेवाईक अँफोटेरिसिन या दुसऱ्या अँटिफंगलच्या व्हायलसाठी गावभर वणवण करत होते, दुसरं फारसं हाताशी नव्हतंच.

अ‍ॅस्परजिलसची युक्ती वेगळी. ही आणखी एक बुरशी. त्याचे स्पोअर (बीजाणू) 2-3 मायक्रॉनचे, आपण रोज शेकड्यांनी श्वासातून आत घेतो, पावसाळ्यात जुन्या घरात तर विचारूच नका, आणि तरी फुफ्फुसं रोज सुजत नाहीत. कारण स्पोअरवर हायड्रोफोबिन नावाच्या प्रोटीनचा थर असतो, रेनकोटच म्हणा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या टीमने 2009 मध्ये तो थर केमिकलने काढला, शिवाय तो नसलेला म्युटंटही तपासला, तर आधी शांत बसलेल्या इम्यून पेशी लगेच जाग्या झाल्या. एरवी स्पोअर फुगून रुजायला लागला की तो थर जातो, खालचं ग्लुकन दिसतं आणि मग हल्ला होतो. म्हणजे निरुपद्रवी धुळीवर शक्ती वाया जात नाही आणि रुजणाराच मार खातो, अर्थात न्यूट्रोफिल धड असतील तर. केमो चालू असेल, स्टेरॉइडचे मोठे डोस असतील, तर तिथेच सगळं फसतं. म्युकरमध्ये यात शुगरची भर, कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (शुगर हाताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा) रक्तातलं लोह मोकळं होतं आणि ते त्याला हवंच असतं.

या साखळीतला एकच दुवा बिघडला तर काय होतं तेही माणसात दिसलंय. 2009 मध्येच दोन कुटुंबांचे रिपोर्ट आले. एक डच, डेक्टिन-1 अर्धवट, तर तिथल्या बायकांना वारंवार योनीचं कॅन्डिडा इन्फेक्शन नाहीतर नखांची बुरशी, पण रक्तात वगैरे काही नाही. दुसरं इराणी, कार्ड-9 बिघडलेलं, तिथे मात्र कॅन्डिडा मेंदूपर्यंत गेला. कारण डेक्टिन-1 ची उणीव बाकीचे रिसेप्टर बरीचशी भरून काढतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा निरोप पुढे कार्ड-9 मधूनच जातो.

आता सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मशरूम कॉफी आणि 'बीटा-ग्लुकन इम्युनिटी बूस्टर' कॅप्सूलबद्दल, कारण हे वाचून कुणीतरी विचारणारच. त्यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. नेदरलँड्सच्या निजमेगनमध्ये मिहाई नेटिया यांच्या गटाने दाखवलंय की बीटा-ग्लुकन भेटलेल्या मोनोसाइट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) नंतर दुसऱ्या जंतूला जास्त जोराने उत्तर देतात. पण तो प्रयोग आहे, रोज सकाळी पाण्यातून घेण्याची पूड नाही. आणि मेख अशी की विरघळलेलं ग्लुकन डेक्टिन-1 ला चिकटतं पण सिग्नल सुटत नाही, सिग्नल सुटायला कणाच्या पृष्ठभागावर पसरलेलं ग्लुकन लागतं, म्हणजे पेशीला खरीखुरी बुरशी टेकल्यासारखं वाटलं पाहिजे. डबीवर यातलं काही लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि ओट्सच्या पाकिटावरचं बीटा-ग्लुकन तर वेगळ्याच जोडणीचं, त्याचा संबंध कोलेस्टेरॉलशी, बुरशीशी काही नाही.