लुटुपुटूची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक: उमेदवार नंतर, आधी फासे

काल्पनिक उमेदवार उभे करून ऑनलाइन मित्रमंडळींत अमेरिकेच्या अध्यक्षपदाची लुटुपुटूची निवडणूक खेळायची म्हटलं की सगळी हौस उमेदवारावर खर्च होते. जीवनवृत्त, घोषवाक्य, बोधचिन्ह, उमेदवारी जाहीर करणारं भाषण. मग निकालाच्या रात्री प्रत्येक राज्यासाठी सुटा फासा टाकला जातो. मिशिगन एकीकडे, विस्कॉन्सिन दुसरीकडे, मध्येच इंडियाना भलतीकडे, असा नकाशा तयार होतो आणि तो कुणालाच पटत नाही. हा खेळ राज्यांच्या गणितावर उभा राहतो, म्हणून ते आधी पक्कं करायचं.

तक्त्यापासून सुरुवात करा. गुगल शीट्समध्ये ५६ ओळी लागतात: ४८ राज्यं आणि वॉशिंग्टन डी. सी. यांची प्रत्येकी एक, मेनच्या ३ आणि नेब्रास्काच्या ४. इतर राज्यांत जिंकणाऱ्याला राज्याचे सगळे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. या दोन राज्यांत राज्यभर जिंकणाऱ्याला २ इलेक्टर मिळतात आणि बाकीचे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) एकेका मतदारसंघाप्रमाणे वाटले जातात. नको ती कटकट म्हणून ही दोन राज्यं एकगठ्ठा देऊन टाकू नका. ओमाहाभोवतीचा नेब्रास्काचा दुसरा मतदारसंघ २००८, २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेला. मेनचा दुसरा २०१६ पासून तिन्ही वेळा रिपब्लिकन राहिला. इलेक्टरांचे आकडे २०२० च्या जनगणनेनंतरचे घ्या, तेच २०२४ आणि २०२८ ला लागू आहेत. जुन्या नकाशांत कॅलिफोर्निया ५५ आणि टेक्सास ३८ दिसतं. आता ते ५४ आणि ४० आहे. स्तंभाची बेरीज ५३८ (देशातले एकूण इलेक्टर) आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता प्रत्येक राज्याचा कल काढायचा. कल म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा ते राज्य कोणत्या पक्षाकडे किती झुकलेलं आहे ते. डेमोक्रॅटिक बाजू अधिक आणि रिपब्लिकन बाजू उणे धरू. विस्कॉन्सिन घ्या. २०२० मध्ये बायडन तिथे ०.६ टक्क्यांनी जिंकले, पण देशभरात त्यांची आघाडी ४.५ होती, म्हणून कल उणे ३.९. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे ०.९ ने जिंकले आणि देशात १.५ ने, म्हणून कल अधिक ०.६. ताज्या निवडणुकीला दुप्पट वजन देऊन सरासरी काढली की उणे ०.९ येतं. एकाच निवडणुकीवर विसंबलं तर तिच्यातल्या उमेदवारांचे गुणदोष राज्याच्या माथी बसतात, आणि काल्पनिक उमेदवारांच्या खेळात नेमकं तेच नको असतं.

सगळे कल भरून झाले की त्यांची मतसंख्येनुसार भारित सरासरी शून्याच्या आसपास येते का ते बघा. २०२० मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे पावणेदोन कोटी मतं पडली आणि वायोमिंगमध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यामुळे साधी सरासरी इथे कामाची नाही. भारित सरासरी शून्यापासून लांब असेल तर तेवढा आकडा सगळ्या राज्यांतून वजा करा. नाहीतर पंच, म्हणजे खेळ चालवणारा, ‘देशाची हवा डेमोक्रॅट्सकडे २ टक्के’ असं जाहीर करेल आणि रात्री लोकमताची बेरीज वेगळंच काही सांगेल.

आता फासे. अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सात दोलायमान राज्यांचे मिळून ९३ इलेक्टर होतात. २०१६ मध्ये त्यांतली सहा ट्रम्पकडे गेली, २०२० मध्ये सहा बायडनकडे, २०२४ मध्ये सातही ट्रम्पकडे. सात सुटी नाणी उडवली तर सातही एकाच बाजूला पडण्याची शक्यता ६४ मध्ये १. खऱ्या निवडणुकीत ही राज्यं सुटी नसतात. महागाई, युद्ध, पक्षाबद्दलची चीड या गोष्टी राज्याची सीमा बघून थांबत नाहीत. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन तर १९९२ पासून प्रत्येक वेळी एकाच बाजूला गेली आहेत. सुटे फासे टाकले की इकडचं तिकडे फिटून जातं, इलेक्टरांची बेरीज दरवेळी मधल्या आकड्यांतच घुटमळते आणि सगळा देश एकाच बाजूला झुकतो अशी रात्र कधी येतच नाही.

म्हणून दान तीन पातळ्यांवर टाकायचं. प्रत्येक पातळीला दोन साधे फासे, बेरजेतून ७ वजा. पहिलं दान देशाचं, ते सगळ्या ५६ ओळींना जसंच्या तसं लागतं. दुसरं विभागाचं, ते निम्मं करून लावायचं. तिसरं त्या एकट्या राज्याचं, तेही निम्मं. यातून आघाडीचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ३ टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे ३ ची आघाडी असलेलं राज्यही साधारण सहातून एकदा हातचं जातं. एवढी धाकधूक पुरे. विभाग दिशांवरून पाडू नका, मतदार बघून पाडा. पेनसिल्व्हेनियाला मिशिगन, विस्कॉन्सिन, ओहायोबरोबर बसवा, जॉर्जियाला नॉर्थ कॅरोलिनाबरोबर, अ‍ॅरिझोनाला नेवाडाबरोबर. शेजारी आहेत म्हणून कोलोरॅडो आणि युटा एका विभागात घातले तर दोन्हींवर अन्याय होतो.

विस्कॉन्सिन पुढे चालवू. कल उणे ०.९. पंचाने ठरवलेली देशाची हवा अधिक २. देशाचं दान ९ पडलं, म्हणजे अधिक २. विभागाचं ४, म्हणजे उणे ३, निम्मं करून उणे १.५. राज्याचं ६, निम्मं उणे ०.५. प्रचाराचा फायदा (त्याचा नियम पुढे आहे) अधिक ०.६. बेरीज १.७. तिथे ३४ लाख मतं धरली तर डेमोक्रॅटिक उमेदवार सुमारे ५८ हजारांनी जिंकतो.

इथे दोन ठिकाणी हमखास गाडी अडते. एक, आघाडी आणि मतांची टक्केवारी यांची गल्लत. १ टक्का मतदार इकडून तिकडे गेले की आघाडी २ ने बदलते, त्यामुळे कोणताही नियम लिहिताना हा आकडा आघाडीचा आहे असं स्पष्ट लिहा. दुसरं, शीट्समधलं फाशासारखा आकडा काढणारं रँडबिटवीन हे सूत्र. तक्त्यात कुठेही काहीही बदललं की ते नव्याने दान टाकतं, आणि पंचाने एक नाव दुरुस्त केलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओहायो फिरतं. दान पडताक्षणी तो स्तंभ कॉपी करून फक्त मूल्यं पेस्ट करा. त्याहून बरं म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर फाशांचा बॉट (आपोआप फासे टाकणारा प्रोग्राम) लावून सगळ्यांसमोर टाका. पंचावर संशय यायला मग जागाच उरत नाही.

उमेदवारांचं बोलायचं तर घटनेच्या अटी पाळा: वय किमान ३५, अमेरिकेत १४ वर्षांचं वास्तव्य आणि जन्माने नागरिकत्व. मराठी गटांत हटकून कुणीतरी महाराष्ट्रात जन्मलेला उमेदवार आणतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून आले, पण नंतर नागरिकत्व घेतलेल्या माणसाला अध्यक्षपदाचं दार बंद आहे. मराठी आईवडिलांची, न्यू जर्सीत जन्मलेली मुलगी मात्र खुशाल उभी करा. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकाच राज्यातले घेऊ नका. त्या राज्याचे इलेक्टर दोघांनाही मत देऊ शकत नाहीत. याच कारणासाठी २००० मध्ये टेक्सासच्या जॉर्ज बुश यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनींनी टेक्सासमधली मतदारनोंदणी वायोमिंगला नेली. बुश यांना २७१ इलेक्टर मिळाले आणि जिंकायला २७० लागतात हे लक्षात घेतलं की त्या नोंदणीचं मोल कळतं. गृहराज्याचा फायदा आघाडीत २ पेक्षा जास्त देऊ नका. त्याच निवडणुकीत बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर स्वतःचं टेनेसी हरले होते.

प्रचाराचे नऊ आठवडे धरा, लेबर डेपासून (सप्टेंबरचा पहिला सोमवार) मतदानापर्यंत. दर आठवड्याला प्रत्येकाला ५ गुण, आणि ते कुठे टाकले हे पंचाला खासगीत कळवायचं, दोन्ही बाजूंचं एकाच वेळी उघड करायचं. एका राज्यात पहिल्या गुणाने आघाडी ०.४ ने हलते, दुसऱ्याने ०.२, तिसऱ्याने ०.१, असं निम्मं निम्मं. मागच्या आठवड्याचा परिणामही दर आठवड्याला निम्मा होतो. मग वेगळी मर्यादा घालावी लागत नाही. सगळे गुण नऊच्या नऊ आठवडे पेनसिल्व्हेनियात ओतले तरी फायदा १.५५ टक्क्यांपलीकडे जात नाही. सरळ गुणाकाराचा नियम ठेवला तर तिसऱ्या आठवड्यात दोघेही तेवढंच करत बसतात. ४८ तासांत कळवलं नाही तर ५ गुण आपोआप सर्वात अटीतटीच्या राज्यात जातील, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. अर्ध्यावर गायब होणारे खेळाडू हा या खेळाचा सर्वात मोठा शत्रू आहे, म्हणून उपाध्यक्षाचा उमेदवार दुसऱ्या खऱ्या माणसाकडे द्या. पहिला गेला तर तो डाव पुढे नेतो. वादविवादात पंचाने प्रश्न द्यावेत, उत्तरं १५० शब्दांत मागवावीत आणि नावं काढून ती इतरांपुढे मतदानाला ठेवावीत. नावं दिसली की मैत्रीच जिंकते.

खेळाडूंना खरे आकडे दाखवू नका, जनमत चाचण्या दाखवा. ८०० जणांच्या चाचणीत एका उमेदवाराच्या मतांची चूक साडेतीन टक्के सांगतात, पण आघाडीतली चूक त्याच्या जवळपास दुप्पट, ७ पर्यंत जाते. चार फाशांच्या बेरजेतून १४ वजा करा आणि खऱ्या आघाडीत मिळवा. पसारा जवळपास तेवढाच येतो.

तिसरा उमेदवार हवा असेल तर त्याला भूगोल द्या. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात १८.९ टक्के मतं पडली, मेन आणि युटामध्ये ते दुसरेही आले, पण इलेक्टर शून्य. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्क्यांवर ४६ मिळाले, कारण त्यांची मतं दक्षिणेत एकवटली होती.

निकालाची रात्र अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार, मतदान बंद होण्याच्या क्रमाने चालवा. इंडियाना आणि केंटकीचा काही भाग संध्याकाळी ६ ला बंद होतो, जॉर्जिया ७ ला, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिना साडेसातला, पेनसिल्व्हेनिया ८ ला, अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिन ९ ला, नेवाडा १० ला, कॅलिफोर्निया ११ ला. खऱ्या एका तासाला १५ मिनिटं धरली की दोन तासांत उरकतं. भारतात हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री ९ म्हणजे न्यू जर्सीत सकाळी साडेदहा, ही वेळ दोन्हीकडे चालते. प्रत्येक राज्य तीन हप्त्यांत उघडा. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, म्हणून तिथे पहिला हप्ता रिपब्लिकन बाजूला फुगवून दाखवा. फ्लोरिडात ते काम आधीच झालेलं असतं, तिथे पहिलाच हप्ता मोठा द्या.

आणि २६९-२६९ ची तयारी आधीच ठेवा. तिसऱ्या उमेदवाराने इलेक्टर खेचले तर कुणीच २७० गाठत नाही असंही होऊ शकतं. तेव्हा प्रतिनिधिगृह पहिल्या तिघांतून अध्यक्ष निवडतं, पण प्रत्येक राज्याला एकच मत, डी. सी. ला मत नाही आणि जिंकायला २६ राज्यं लागतात. म्हणजे तक्त्यात आणखी एक पान हवं: प्रत्येक राज्याच्या सभासदांत कोणत्या पक्षाचं बहुमत आहे. समसमान असलेल्या राज्याचं मत वाया जातं. हे पान खेळ सुरू होण्यापूर्वी भरा आणि कुलूपबंद करा. बरोबरी झाल्यावर भरायला बसलं की प्रत्येक ओळीवर भांडण होतं. उपाध्यक्ष सिनेट निवडतं, पहिल्या दोघांतून, ५१ मतांनी. प्रतिनिधिगृह एका पक्षाकडे आणि सिनेट दुसऱ्याकडे असेल तर अध्यक्ष एका बाजूचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या बाजूचा निघू शकतो. नियमांत ते मान्य ठेवा आणि पुढच्या डावात त्या दोघांना एकत्र कारभार करायला लावा.