चादर पायावर नको

आज दुपारपासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय.

आमच्या आयसीयूतले सात नंबर बेडचे काका सकाळी रडत होते. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन नळी) झालेली, आवाज नाही, हातपाय हलत नाहीत पण माणूस आतून पूर्ण जागा. डोळ्यातलं पाणी ओघळून कानात जात होतं आणि मॉनिटरवर बीपी चढत चाललेलं. नवीन नर्स मुलीने सक्शन करून कफ काढला, पोझिशन बदलली, औषधांचे पंप चेक केले, डॉक्टरांना बोलावलं, बिचारीने करायचं ते सगळं केलं. मी माझ्या बेडवरून मोकळी होऊन गेले तर काका सारखे खाली पायांकडे बघतायत. चादर! छान घोट्याखालीपर्यंत ओढून खोचलेली. या आजारात तळपायांची कधीकधी अशी आग होते की कापड टेकलेलंसुद्धा सहन होत नाही. चादर वर सरकवली, थोड्या वेळाने बीपी उतरलं.

हे आधी काकांना बघायची त्या सिस्टरला माहीत होतं. ती शनिवारी नोकरी सोडून गेली.

शिफ्ट बदलताना द्यायच्या हॅण्डओव्हरमध्ये व्हेंटिलेटरचं सेटिंग असतं, लाइन कधी टाकली, युरिन आउटपुट, बेडसोअर, सगळं असतं. पण दोनदा पापणी मिटली म्हणजे हो, एकदाच लांब मिटली म्हणजे नाही, दरवाजाकडे बघत राहिले म्हणजे मुलगी कधी येणार विचारतायत, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडकडून जीबीएसचे पेशंट यायला लागले तेव्हा ती हे सगळं शिकली, कुणी शिकवलं नव्हतं, बेडशेजारी उभं राहून राहून शिकली. आणि आता ते सगळं घेऊन जर्मनीला.

राग आला मला तिचा. अजून थोडा आहे. नाईट करून सकाळी जर्मनच्या क्लासला जायची, भाषेची बी टू लेव्हल होईपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही, मलासुद्धा. असो.

पण रागवायचं कुठल्या तोंडाने? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक नर्स हवी हे कागदावर आहे, आमच्याकडे एकीला तीन पेशंट, रिलिव्हर आली नाही की तीच पुढची शिफ्ट ओढते. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नर्सेसच्या पगारासाठी समिती बसली, छोट्यातल्या छोट्या खाजगी हॉस्पिटलातही वीस हजारांच्या खाली पगार नको म्हणाली, दोनशे बेडच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका द्या म्हणाली. आमच्यातल्या किती जणींना मिळतो? 2024 मध्ये राज्य सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेस पण आहेत. मग गेली तर तिचं काय चुकलं.

मला वाईट वाटतंय ते वेगळंच आहे. फ्रेशर यायची, तिचा हात धरून एबीजी (तपासणीसाठी धमनीतलं रक्त) काढायला शिकवायचं, अलार्म वाजला की आधी पेशंटकडे बघ मग मशीनकडे हे शंभरदा सांगायचं, आणि ती तयार झाली, आता जरा टेकायला मिळेल म्हणावं तर तिचा राजीनामा. परत पहिल्यापासून. या शिकवण्याचा कुठे हिशोबच नाही, ना पगारात ना रोस्टरमध्ये, तीन पेशंट सांभाळता सांभाळता शिकवायचं. कधीतरी वाटतं आपण नुसत्या इथून पुढे पाठवायलाच उभ्या आहोत. आई म्हणते तूही बघ ना बाहेर. आईला काय सांगू, आमच्या घरचं तिला माहीतच आहे.

काकांचा काय दोष यात? त्यांना रोज नवीन चेहरा. बोलता येत नाही आणि समोरची नर्स त्यांची भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकतेय.

तरी आज एक बरं झालं. जेवताना नवीन मुलगीच म्हणाली, सिस्टर मला काकांचं सगळं सांगा ना, आणि वहीच काढली तिने. तीसुद्धा जाईल एक दिवस, जाऊ दे, तिचंही घर आहे. काकांना सध्या कुणीतरी समजणारं हवंय एवढं खरं. डोळ्यांच्या खुणा मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिल्यात, चादरीचं सगळ्यात वर. उद्या बेडच्या डोक्याशी चिकटवणार आणि इनचार्जना सांगणार, महिनाभर तरी हिला सात नंबरवरून हलवू नका, आणि मला शेजारचा बेड द्या.