चिंपांझी बोलत का नाही? घशाला दोष देऊ नका

चिंपांझी आपला इतका जवळचा नातलग, मग तो बोलत का नाही, असं तुम्ही विचारता. बहुतेक वेळा उत्तरही तुमच्याकडे तयार असतं: त्याचं स्वरयंत्र वर असतं, म्हणून. हा समज १९६९ सालचा, भाषाशास्त्रज्ञ फिलिप लीबरमन यांनी मांडलेला. पण २०१६ मध्ये जीवशास्त्रज्ञ टेकमसे फिच यांच्या गटाने जिवंत मकाक माकडाची क्ष-किरण चित्रफीत घेतली आणि त्याच्या घशा-तोंडाचे आकार मोजले. स्पष्ट वेगळे ओळखू येतील असे अनेक स्वर त्या तोंडातून निघू शकतात, असं दिसलं.

अडतं ते ताब्यापाशी. गळ्यावर बोट ठेवून ‘पापा’ म्हणा, मग ‘बाबा’. ‘ब’साठी ओठ उघडण्याआधीच घशात कंप सुरू होतो, ‘प’साठी उघडल्यावर. फरक जेमतेम दशांश सेकंदाचा. एवढं नेमकं वेळेवर जमतं, कारण आपल्या मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, निघालेले तंतू थेट स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोचतात. मकाकमध्ये ही थेट जोडणी आढळत नाही, चिंपांझीत ती विरळ आहे. त्यांचे आवाज मुख्यतः भीती, भूक, उत्तेजना यांच्या जुन्या मार्गाने येतात. हेझ दांपत्याने १९४७ पासून घरात वाढवलेल्या विकी या चिंपांझीला ओठ हाताने धरून धरून शिकवलं, तरी ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ असे चारेक शब्दच आले, आणि तेही घोगऱ्या कुजबुजीत.

मग हातांच्या खुणा शिकवल्या तर? घशाचा प्रश्नच मिटतो. निम नावाच्या चिंपांझीला शंभरावर खुणा आल्या. त्याची सर्वांत लांब ‘ओळ’ सोळा खुणांची होती, पण सगळी ‘दे’, ‘संत्रं’, ‘मी’, ‘खा’, ‘तू’ यांचीच फिरवाफिरव. मुलाचं वाक्य लांबतं तेव्हा त्यात नवं काही सांगितलेलं असतं. निमचं नुसतंच लांबलं. चित्रफिती तपासल्यावर निमवरचा प्रयोग चालवणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांना आढळलं की त्याच्या बऱ्याच खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या. १९७९ मध्ये त्यांनी तसं छापलं.

कान्झी या बोनोबोची, म्हणजे चिंपांझीच्या सख्ख्या नात्यातल्या वानराची, गोष्ट मात्र वेगळी. इंग्रजीतल्या ६६० आज्ञांपैकी सुमारे ७२ टक्के त्याने बरोबर पाळल्या, आणि त्यांतल्या बहुतेक त्याने पूर्वी ऐकलेल्याही नव्हत्या. समज एवढी दांडगी, पण स्वतः फलकावरची शब्दचिन्हं जुळवताना तो क्वचितच दोन-तीनच्या पुढे गेला. म्हणून मला घशापेक्षा मेंदूतला कमानी तंतुगुच्छ महत्त्वाचा वाटतो. कपाळामागच्या ललाटखंडाला कानाजवळच्या शंखखंडाशी जोडणारा हा गुच्छ माणसात शंखखंडाच्या मधल्या वळीपर्यंत, म्हणजे शब्दार्थाशी निगडित भागापर्यंत, भरघोस पसरतो. २००८ च्या मेंदू-प्रतिमांत चिंपांझीचा तिथला फाटा फारच क्षीण दिसला.