उघडझाप होणारे हेल्मेट घेताना

चष्मा लावणाऱ्याला पूर्ण बंद हेल्मेट घालणे हा रोजचा खटाटोप असतो; हनुवटीचा भाग वर उचलता येणारे फ्लिप-अप हेल्मेट मला पटते ते त्यासाठीच. मात्र ही सगळी सोय दोन्ही बाजूंच्या लॉकवर अवलंबून असल्यामुळे दुकानात पहिली नजर तिथेच जायला हवी. खटका धातूचा असावा, दोन्हीकडे एकदमच घट्ट बसावा आणि हातमोजा घातलेल्या एका हाताने उघडावा. प्लॅस्टिकचा खटका मी तरी घेणार नाही.

भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाचीच हेल्मेटे विकता येतात, तेव्हा आयएस ४१५१ ही हेल्मेटच्या भारतीय मानकाची खूण हवीच. सोबत युरोपीय ईसीई २२.०६ मानकाचे लेबल असल्यास त्यावरील अक्षरेही वाचावीत: ‘पी/जे’ असेल, तर ते हेल्मेट बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींसाठी मान्य असते, ‘एनपी’ असेल, तर हनुवटीच्या उचलत्या भागाला संरक्षक मानलेले नसते. ‘पी/जे’ असले, तरीही तो भाग वर करून वेगात जाऊ नये, कारण वारा त्यात शिरून मान मागे ओढतो.

बिजागरीमुळे ही हेल्मेटे जड, बहुधा दीड किलोच्या पुढे असतात. म्हणून चष्म्यासकट, पट्टा बांधून, दहा-पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावे, कपाळावर कुठे रुतते का ते पाहावे आणि मागून वर ढकलून ते निघत नाही याची खात्री करावी. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही.