कपडे नकोत, फिनेल पाठव

आमच्या इमारतीखाली भाजीपाल्याचं एक तुर्की दुकान आहे. जर्मनीतल्या कोलोनला राहायला आल्यापासून कोथिंबीर, वांगी, काबुली चणे सगळं तिथूनच येतं. गल्ल्यावर बसते तिला सगळे ‘आब्ला’ म्हणतात. आब्ला म्हणजे ताई. ६ फेब्रुवारी २०२३, सोमवारची सकाळ. दूध आणायला खाली उतरले तर शटर अर्धंच उघडं, आणि आब्ला दोन फोन घेऊन उभी. एकावर बातम्या, दुसऱ्यावर बहिणीचा नंबर सारखा लावणं चाललेलं. तिचं माहेर तुर्कस्तानातल्या कहरामानमाराशचं, घरात नुसतं माराश म्हणतात. तिथे पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता, आमच्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे सव्वादोन. दुपारी पुन्हा ७.५ चा. बहिणीचा फोन संध्याकाळी लागला. ती वाचली, तिची इमारत गेली. त्या भूकंपात एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून जास्त माणसं गेली.

जर्मनीत तुर्की वंशाचे जवळपास ३० लाख लोक आहेत, त्यामुळे शहरात कुणाचं ना कुणाचं कुणीतरी तिकडे होतंच. दुसऱ्या दिवशी आब्लाच्या ओळखीतला लग्नाचा हॉल मदत गोळा करायला उघडला. मी दोन रजया आणि मुलाचे लहान झालेले स्वेटर घेऊन गेले. दारातल्या कॉलेजच्या मुलीने पिशवी उघडली, रजया आत घेतल्या, स्वेटर अगदी प्रेमाने परत दिले. आत भिंतीला लागून कपड्यांचा डोंगर झाला होता. जोडी हरवू नये म्हणून बुटांच्या लेस एकमेकींना बांधत दोन आजोबा खाली बसले होते. दारावर कागद चिकटवलेला: तंबू, जनरेटर, डायपर, पॉवर बँक. ती यादी आब्लाच्या भाच्याने माराशच्या रस्त्यावर उभं राहून फोनवर सांगितली होती. कागद दर काही तासांनी बदलायचा.

मला आमची सांगली आठवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही इथली दहा-बारा घरं साड्या आणि चादरी बांधायला निघालो होतो. मामाचा फोन आला, “कपडे नकोत गं. जुन्या कपड्यांचे ढीग चौकात भिजत पडलेत. फिनेल पाठव, ब्लीचिंग पावडर पाठव, गाळ काढायला खोरी-पाट्या लागतात. नाहीतर सरळ पैसे पाठव, मी मिरजेतून आणतो.” आम्ही पैसे पाठवले. वस्तूंवर खर्च झाला तो तिथल्याच दुकानात, आणि ते दुकानदारही पुरातून नुकते उठत होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतही असंच झालं. अमेरिकेतली माझी मैत्रीण इकडे पाठवायला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं, घ्यायला निघाली होती. मिरजेतल्या डॉक्टर बहिणीने वेळेत विचारलं, “व्होल्टेज बघितलंस का?” तिकडच्या बाजारातली यंत्रं ११०-१२० व्होल्टवर चालणारी, आपल्याकडे २३०. तशीच पाठवली असती तर ट्रान्सफॉर्मरशिवाय बंद पडून राहिली असती.

हॉलमध्ये एक सीरियन इंजिनियर आमच्याबरोबर खोकी भरत होता. भूकंपाने सीरियातही घरं पाडली होती, पण त्याची अडचण वेगळीच होती. पैसे पाठवताना कारणाच्या रकान्यात ‘सीरिया’ लिहिलं की त्या देशावरच्या आर्थिक निर्बंधांपायी व्यवहार अडकायचा. वायव्य सीरियात मदत न्यायला संयुक्त राष्ट्रांना तेव्हा बाब अल-हवा ही एकच सीमाचौकी मोकळी होती, पहिला ताफा पोचला ९ तारखेला. तो रोज फोन लावायचा, माणसं जिवंत असल्याचं कळायचं आणि देता काहीच यायचं नाही. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

माझा खरा उपयोग खोक्यांशी झाला नाही, फॉर्मशी झाला. भूकंपग्रस्तांच्या जवळच्या नातेवाइकांना जर्मनीने तीन महिन्यांचा व्हिसा लवकर देऊ केला, पण पासपोर्ट हवा, विमा हवा, आणि इथल्या नातेवाइकाने खर्चाची लेखी हमी द्यायला हवी. पासपोर्ट ढिगाऱ्याखाली! बारा वर्षं सरकारी जर्मन वाचण्यात गेल्याने मला ती भाषा जमते. दुकानातल्या फळ्यांमध्ये स्टूल टाकून आम्ही चार घरांचे कागद भरले. अशी कामं करायला परदेशात राहणाऱ्यांइतकं सोयीचं कुणी नाही, आणि ती फोटोत दिसत नाहीत म्हणून मागे पडतात.

भारतात पाठवायच्या पैशांचंही सांगते, कारण दर वेळी इथेच गोंधळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत संस्थेला दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असूनही ती विदेशी ठरते. मग एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच शोधावी लागते, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जमा व्हावे लागतात. या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. म्हणून गावात आधीपासून काम करणारी, नोंदणी असलेली संस्था कोणती, हे पूर येण्याआधीच ठाऊक असायला हवं. आमच्या मंडळात आता दर जूनमध्ये आम्ही ही यादी तपासतो.

आणि तुम्ही, तिकडे असलेल्यांनी, आम्हाला स्पष्ट सांगत जा. “काही नको, तुम्ही आठवण काढली हेच खूप” असं म्हणता, आणि आम्ही चादरी बांधायला घेतो. मामासारखं बोला. आकडा सांगा, वस्तूचं नाव सांगा, नको असेल तर नको म्हणा. आम्हाला वाईट वाटत नाही, उलट जीव भांड्यात पडतो.

आब्लाची बहीण तीन महिने राहून परत गेली, कंटेनरच्या वसाहतीत. गेल्या आठवड्यात मी दुकानात असतानाच तिचा फोन आला. या वेळी मागणी शिवणयंत्राची होती. हाताचं नको, मोटरचं हवं, अमुक दुकानात मिळतं, एवढ्याला मिळतं. आब्लाने माझ्या कोथिंबिरीची पावती उलटी करून तिच्यावर सगळं लिहून घेतलं.